तळावलीचं सांताना चर्च बघितलंय का?

गोव्याला गेलं की सगळे जुन्या गोव्यात बॉम जेझूस बघतात, से कॅथेड्रल बघतात आणि परत बीचवर पळतात, पण त्याच तिसवाडी तालुक्यात पिलारच्या जवळ तळावली गाव आहे आणि तिथलं सांताना म्हणजे संत अ‍ॅनाचं चर्च माझ्या मते गोव्यातलं सगळ्यात देखणं चर्च आहे. हो, जुन्या गोव्यातली धरून!

काम १६८१ ला फ्रान्सिस्को दु रेगो या पाद्रींनी सुरू केलं, १६९५ ला आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्या यांनी पूर्ण केलं. एवढ्याशा गावात पाच मजली दर्शनी भिंत आणि दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे, मान वर करून बघत राहावं असं. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चवरून हे बेतलं असं मानतात. ते बिचारं गेलं, छत १८४२ ला पडलं आणि समोरची भिंत १९३१ ला, आता अर्ध्या मनोऱ्यापुढे लोक फोटो काढतात. पण ते उभं असताना कसं दिसत असेल याचा अंदाज घ्यायचा असेल तर तळावलीलाच यायला हवं.

आत गेलात की आधी कोनाड्यांवरचे शिंपल्याच्या आकाराचे घुमट बघा. नमुना युरोपातल्या बरोक या नक्षीदार, भपकेबाज शैलीचा, पण चुन्यातलं हे काम इतकं भरगच्च आणि तरी इतकं हलकं आहे की इथल्या कारागिरांचा हात लगेच कळतो. आणि भिंती नुसत्या जाड नाहीत, आतून पोकळ आहेत, त्यातून चालत जाऊन कोणाच्या नजरेस न पडता पाद्रींकडे कन्फेशन म्हणजे पापांची कबुली देता यायची, मला तर ही कल्पना फारच आवडते.

जुलैच्या अखेरीस तवशांचं फेस्त म्हणजे चर्चचा सण असतो, मूल व्हावं म्हणून जोडपी सांतानाला तवशी म्हणजे काकड्या वाहतात, आणि नवस करणाऱ्यांत हिंदूही असतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. हे सगळं चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं बांधकाम, आणि चिरा पावसात झिजतो म्हणून वर चुन्याचा गिलावा लागतोच. बॉम जेझूसचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून तिथला उघडा चिरा झिजतोय. त्यामुळे जुनं चर्च पांढरंशुभ्र दिसलं की ‘रंग फासून वाट लावली’ म्हणू नका प्लीज, त्या चुन्यामुळेच ते टिकलंय.