तुम्ही विचारलंत म्हणून : कागदाचे फूल चपटे का दिसते?

हाताने केलेले कार्ड कुणाला दिले की कौतुकाचे दोन शब्द झाल्यावर बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, आणि तो विचारणाऱ्यांत स्वतः कार्डे करणारेच अधिक असतात. "शिक्का तोच, कागद तोच, थरही तीनच लावले; मग आमचे फूल चिकटवल्यासारखे आणि तुमचे उमलल्यासारखे का दिसते?" आजवर मी "सरावाने जमते" असे उभ्या उभ्या सांगून वेळ मारून नेली. ते खोटे नाही, पण त्यात टाळाटाळ आहे, म्हणून आज बैठक मारून लिहिते.

तुमचे फूल चपटे दिसते, कारण तुम्ही गोंद जास्त लावता. फुलाला उठाव येतो तो पाकळीखाली पडणाऱ्या सावलीमुळे, आणि सावली पडायची तर पाकळी खालच्या थरापासून सुटी राहायला हवी. एकच फूल तीन आकारांत छापून, कापून, कडेपर्यंत गोंद लावून एकावर एक दाबले, तर थर तीन असूनही डोळ्यांना ते एक जाडसर चित्रच वाटते. मी प्रत्येक थराच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा एकच थेंब ठेवते आणि पाकळ्यांना गोंदाचा स्पर्शही होऊ देत नाही. वरचा थर ठेवताना तो अर्ध्या पाकळीने फिरवते. पाच पाकळ्यांच्या फुलात हा फेर ३६ अंशांचा होतो आणि सहा पाकळ्यांच्या फुलात ३० अंशांचा. कोनमापक घेऊन बसायचे कारण नाही. खालच्या दोन पाकळ्यांमधल्या फटीवर वरची पाकळी आली की पुरे.

मात्र सुटी ठेवलेली पाकळी आपोआप वर उठत नाही, तिला आधी वळण द्यावे लागते, आणि हे काम गोंदाची बाटली उघडण्यापूर्वीचे आहे. जुन्या माउसपॅडसारख्या मऊ पृष्ठभागावर थर उताणा ठेवून, टोकाला धातूची गोळी असलेल्या हत्याराने प्रत्येक पाकळीवर गोल गोल घासले की ती वाटीसारखी खोल होते. मग थर पालथा घालून पाकळीच्या फक्त टोकाशी तीच गोळी हलकेच फिरवली की टोक बाहेरच्या बाजूला कलते. खोली आतून आणि कल बाहेरून, एवढ्या दोन हालचालींत सपाट तुकड्याची पाकळी होते. सगळ्यात खालचा थर मी जेमतेम वळवते, मधला त्याहून जास्त, आणि सगळ्यात वरचा जवळजवळ मिटलेला ठेवते, कारण फूल बाहेरून आत उमलत जाते. मला या सगळ्या कामात सर्वांत आवडणारा भाग हाच. बोटांना कागद नरम पडल्याचे कळते, तो क्षण सांगून समजत नाही.

कागद पातळ घेतला तर पाकळी लोळते आणि जाड घेतला तर वळायला नकार देते. माझा अनुभव असा, की पाकळ्यांसाठी १२० ते १६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आणि कार्डाच्या पायासाठी २५० ते ३०० जीएसएमचा कागद बरा पडतो. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतूंची एक दिशा ठरलेली असते आणि त्या दिशेला समांतर घडी सहज व सरळ पडते, आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो. कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला, की जिकडे तो मुकाट्याने वाकतो तिकडेच घडी घालायची, हे कळते. पाकळ्यांच्या बाबतीत मात्र मी दिशेचा विचार करत नाही, कारण त्या चहूकडे फाकलेल्या असल्याने एखादी तरी हट्टी निघणारच.

सावलीच्या या माझ्या सिद्धान्ताला एक ठसठशीत अपवाद आहे आणि तो लपवणे बरे नव्हे. मेरी डिलेनी या इंग्रज बाईंनी १७७२च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कागदाची फुले करायला घेतली आणि पुढच्या दहा वर्षांत, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, अशी जवळजवळ एक हजार चित्रे केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची फुले कागदावर पूर्ण चिकटलेली आहेत, तरीही ती भरीव दिसतात, कारण वेगवेगळ्या छटांचे बारीक तुकडे एकावर एक लावून उजेड आणि अंधार त्यांनी रंगातच बांधला आणि मागे काळा कागद ठेवला. म्हणजे सपाट चिकटवायचेच असेल तर सावली रंगाने भरावी लागते, आणि त्याला त्यांची चिकाटी हवी.

तेवढी चिकाटी माझ्यात नाही, पण त्यातले थोडे मी उचलले आहे. शाईच्या एकाच पॅडवरून तीन छटा मिळतात. शिक्क्याला शाई लावून पहिला ठसा घेतला की तो गडद येतो. पुन्हा शाई न लावता लगेच घेतलेला दुसरा ठसा फिका आणि तिसरा आणखी फिका. मी फिका ठसा सगळ्यात खालच्या मोठ्या थराला देते, गडद ठसा सगळ्यात वरच्या लहान थराला, त्यामुळे फुलाच्या पोटात अंधार साचल्यासारखा भासतो. नवा पारदर्शक शिक्का शाई धरत नसेल, थेंब थेंब होऊन ती सुटत असेल, तर त्यावर साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवा. शिक्क्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला किंचित खरखर आली की ठसा सलग उमटतो.

कात्रीबद्दल एवढेच, की कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा. मधोमध चिकटवायच्या मोत्यांबद्दल मला जरा जास्त राग आहे. सगळी मेहनत पाकळ्यांवर करायची आणि वर असा चकाकणारा मणी बसवायचा, की नजर तिथून हलतच नाही. शिवाय जाड मणी पाकिटात समोरच्या बाजूला खळगा पाडतो. त्याऐवजी कागदाची अरुंद पट्टी एका काठाने बारीक कातरून गुंडाळली, की परागांचा झुबका तयार होतो आणि तो दाबला तरी मोडत नाही.

शाईच्या बाबतीत मी स्वतः दोनदा तोंडघशी पडले आहे. पाकळी लवकर वळावी म्हणून एकदा छापलेल्या थरांवर पाणी फवारले, आणि ती पाण्यात विरघळणारी शाई असल्याने जांभळ्या फुलाच्या रेषा पसरून त्याचा एकसंध डाग झाला. तेव्हापासून ओलसर करायच्या कागदावर मी वाळल्यानंतर पाण्याला दाद न देणारीच शाई वापरते. दुसरी चूक कळायला दोन वर्षे लागली. मैत्रिणीला दिलेले गुलाबी फुलांचे कार्ड तिने कौतुकाने खिडकीजवळ उभे करून ठेवले होते, आणि मी पुन्हा पाहिले तेव्हा फूल जवळजवळ पांढरे पडले होते. काही शाया उजेडात अशा उडतात, हे मला तोवर वाचूनच ठाऊक होते. मी नखाने वरची पाकळी अलगद उचलून पाहिली; तिने झाकलेल्या जागेत, खालच्या थरावर, छापला त्या दिवशीचा गुलाबी रंग पाकळीच्याच आकारात जसाच्या तसा होता. मैत्रीण म्हणाली, "सोड, नाहीतर तुटेल." मी पाकळी सोडली आणि ती पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.