वाडीच्या वाटेवर हरिपूरचा संगम

सांगलीतून नरसोबाच्या वाडीला पायी जाणारे बहुतेक जण अंकलीचा पूल धरतात. तिथून उदगाव, जयसिंगपूर, शिरोळ आणि वाडी. रस्ता सरळ आहे आणि चुकण्यासारखं त्यात काही नाही. पण वारी कृष्णाकाठच्या दत्ताची आणि अंकलीचा पूल सोडला तर कृष्णा दिसते ती थेट वाडीच्या घाटावर. मधला सगळा वेळ डांबर, ट्रक आणि ढाबे. म्हणून मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या आधी आमच्या गल्लीतली मंडळी निघाली तेव्हा मी हट्ट धरला, की यंदा हरिपूरवरून जायचं. संगमावर तासभर बसायचं आणि मगच पुढं. कुरकुर झालीच. "अगं, वाट वाकडी कशाला करायची?" असं आक्का म्हणाल्या. संगमावर पोचल्यावर उठायला सगळ्यांत उशीर त्यांनीच केला.

पहाटे गणपती मंदिरात नारळ ठेवून निघालो. हरिपूर सांगलीच्या गावभागापासून, म्हणजे जुन्या वस्तीपासून, तीन-चार किलोमीटरवर आहे आणि त्या रस्त्यावरच्या जुन्या चिंचा हीच तिथली शोभा. अंधारात नुसता पानांचा आवाज येत होता, उजाडायला लागलं तसे बुंधे दिसू लागले. फिरायला येणारी सांगलीकर मंडळी या रस्त्याला रोजची. चार-पाच जणांनी तरी आम्हाला थांबवून "वाडीला का?" म्हणून विचारलं आणि हात जोडले.

गावात शिरलं की सरळ संगमेश्वराच्या देवळाकडं जायचं. श्रावणी सोमवारी इथं पाय ठेवायला जागा नसते, एरवी सकाळी निवांत असतं. दर्शन घेऊन घाटानं खाली उतरलं की समोर दोन नद्या. महाबळेश्वरातून निघालेली कृष्णा इथं सांगलीला वळसा घालून येते आणि पलीकडून चांदोलीच्या डोंगरातली वारणा येऊन मिळते. कऱ्हाडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, ती भेट मोठी. इथली भेट तशी नाही. वारणा बाजूनं येते आणि कुठं मिसळली ते कळतही नाही. पावसाळा ओसरला की काठाला गाळ-वाळूचा पट्टा उघडा पडतो, त्यावर बगळे उतरलेले असतात. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या उसाचा नुसता हिरवट डाग दिसत होता. आमच्यातल्या एका काकांनी 'दिगंबरा दिगंबरा'चा गजर सुरू केला, तो पाण्यावरून पलीकडं जाऊन परत येतोय असं वाटत होतं. कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, इथं वारणा, वाडीला पंचगंगा, अशी एकेक नदी पोटात घेत ही माय पुढं जाते. मोटारीनं जाताना हे सगळं नकाशावर असतं, पायी आलं की अंगाला कळतं.

आता महत्त्वाचं सांगते. पाण्यात उतरू नका. औदुंबर-भिलवडीपासून या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्लेही झालेले आहेत. थंडीत त्या ऊन खायला काठाच्या गाळावर येतात आणि गाळाचाच रंग असल्यामुळं चटकन दिसत नाहीत. हातपाय धुवायचे तर घाटाच्या वरच्या पायरीवर, तांब्यानं पाणी घेऊन. पोरांचा हात सोडू नका. संगमावरचं स्नान मनात असेल तर ते वाडीच्या घाटावर, चार माणसं जिथं उतरतात तिथंच करा. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर पुराचा गाळ वाळून बसलेला असतो, दव पडलं की तो निसरडा होतो. चप्पल घालून उतरायचं धाडस नको.

पावसाळ्यात तर ही वाट धरूच नका. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. पाणी तिकडं चढू लागलं की काठावरची वाट विसरायची. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको, बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिते.

हरिपूरला आलात तर हळदीच्या पेवांबद्दल कुणा म्हाताऱ्या माणसाला जरूर विचारा. जमिनीत खोल खणलेली, वरून तोंड लहान आणि आत पोट मोठं अशी ही कोठारं. इथली मातीच अशी, की हळद वर्षानुवर्षं ठेवली तरी तिला कीड लागत नसे. तोंड मातीनं लिंपून टाकायचं आणि उघडल्यावर आतली हवा बाहेर पडेपर्यंत कुणी उतरायचं नाही. सांगलीच्या हळदीच्या बाजाराला या पेवांनी आधार दिला. २००५ च्या पुरानं त्यांतली कितीतरी निकामी केली. पारावर बसलेले एक आजोबा आम्हाला हे सांगत होते, आम्ही उठायला लागलो तर म्हणाले, "बसा की वो जरा. वाडी काय पळून जात्या व्हय?" मग त्यांच्याच घरचा चहा झाला. सांगलीची हळद आता भौगोलिक मानांकनानं मिरवते, पण तिच्यामागची ही पेवं जपायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

इथून मागं फिरायचं कारण नाही. हरिपूर-कोथळी पूल झाल्यापासून ही वाट वाकडी राहिलेलीच नाही. पूल ओलांडला की शिरोळ तालुका. मग कोथळी, उमळवाड करत उदगावला नेहमीच्या रस्त्याला लागायचं. पुलावर मधोमध थांबून एकदा मागं बघा. एकूण चाल २५ किलोमीटरच्या आसपास पडते, संगमावर बसूनही दिवस मावळायच्या आत वाडी गाठता येते.

पुढचा रस्ता गळिताच्या हंगामात जपून चालायचा. उसाचे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या अख्खा रस्ता व्यापतात. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाठीवर चकाकणारी पट्टी लावा. पाणी जयसिंगपुरात भरून घ्या, शिरोळपर्यंतच्या उघड्या रस्त्यावर हिवाळ्यातही दुपारचं ऊन लागतं. शिरोळला भोजनपात्राच्या दत्तमंदिरात थांबायचं, सावली आणि दर्शन दोन्ही मिळतं. इथं बूट काढून पाय तपासा. फोड आला असेल तर तो फोडू नका, पट्टी लावून मोजे बदला. आमच्या मावशींनी जाड सुती मोज्यांचे दोन जोड आणले होते, पुढच्या वेळी मीही तसेच घेणार.

पौर्णिमेला वाडीत रांग मोठी असते. म्हाताऱ्या माणसांना आधी घाटावर बसवा, एकानं रांग धरावी. दर्शन झाल्यावर बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या, पण बर्फी पिशवीत तळाला ठेवू नका. परतीला सांगलीकडं एसटी मिळते, पण पौर्णिमेच्या संध्याकाळी ती भरून येते. बरोबर लहान मुलं असतील तर वाडीत रेंगाळण्यापेक्षा उजेड आहे तोवर गाडी धरा, किंवा जयसिंगपूरपर्यंत वडाप (माणसं भरून जाणारी खासगी गाडी) करून तिथून सांगलीची गाडी बघा.