तुम्ही विचारलंत म्हणून : पक्षी दिसलाच नाही, तर काम काय केलं?

तणमोरांच्या गणनेचे कंत्राट संपवून मी दर सप्टेंबरात घरी येते, तेव्हा पहिला प्रश्न ‘किती दिसले?’ असा असतो. आणि माझ्या वाट्याच्या भागात यंदा एकही दिसला नाही असे सांगितले, की लगेच दुसरा येतो, ‘मग तीन महिने काम काय केलं, पगार कशाचा घेतला?’ आजवर मी या प्रश्नाचे उत्तर चिडून दिले किंवा टाळले. ते एकदा नीट द्यावे म्हणून हे लिहिते आहे.

तणमोर हा माळढोकाच्या कुळातला आपल्याकडचा सर्वांत लहान पक्षी. २०२१ पासून त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून होते. मादी गवतात दडून राहते, त्यामुळे गणना होते ती नरांची, तीही पावसाळ्यातच. कारण विणीच्या दिवसांत काळा-पांढरा नर गवताच्या वर उंच उड्या मारतो आणि उडीच्या त्या क्षणापुरताच दिसतो. नकाशावर आखलेल्या प्रत्येक चौकोनात आम्ही वेगवेगळ्या दिवशी तीनदा जातो आणि ठरलेला वेळ उभे राहून दुर्बिणीने गवत न्याहाळतो. एकाच चौकोनात एकदा नर दिसला आणि दोनदा दिसला नाही, तर पक्षी असूनही तो नजरेतून किती वेळा सुटतो याचा अंदाज बांधता येतो. त्या अंदाजाशिवाय दिसलेल्या पक्ष्यांच्या आकड्यालाही फारसा अर्थ उरत नाही. माझ्या कागदावरचे शून्य हे माझे काम आहे, असे मी म्हणते ते यामुळे.

तरीही हा प्रश्न मला इतका झोंबतो, त्याचे कारण वेगळे आहे.

वाशीम जिल्ह्यातला माझा दुसरा हंगाम होता. सोयाबीनच्या वावरांमध्ये ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवरच्या, गवताचा एक लहानसा तुकडा उरला होता आणि त्या चौकोनातली माझी पहिली फेरी बाकी होती. पहाटे पोचले, तर वाटेतला ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. अर्धा तास मी अलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून राहिले. मग तक्ता काढला, वेळ लिहिली, ‘ढगाळ, वारा मंद’ असे लिहिले आणि नरांच्या रकान्यात शून्य घातले. पुढच्या दोन्ही फेऱ्यांना पाणी उतरले होते, तरी मी ओढा ओलांडला नाही. पहिले शून्य लिहून झाल्यावर पुढची दोन लिहिणे फार सोपे गेले. सप्टेंबरच्या अखेरीस त्याच वाटेवर एक वयस्कर शेतकरी भेटले. मी कोण, कशाला आले, हे कळल्यावर ते सहज म्हणाले, “ताई, तो तं महिनाभर त्या गवतातच उड्या मारत होता. तुम्ही दिसल्या नाही कधी.”

त्या रात्री मी आमच्या समन्वयकांना फोन करून सगळे सांगितले. त्यांनी माझ्या तिन्ही नोंदी रद्द केल्या. चौकोन रिकामा राहिला, कारण शेतकऱ्याचे सांगणे ठरलेल्या पद्धतीत बसत नव्हते. त्या पक्ष्याची नोंद कुठेच झाली नाही.

तेव्हाची मी स्वतःला समजावत असे, की चारी बाजूंनी सोयाबीन असलेल्या एवढ्याशा तुकड्यात तणमोर कशाला येईल, आणि दहापैकी नऊ वेळा ते शून्य खरेच ठरले असते. हे म्हणणे आजही मला पुरते खोडता येत नाही. भरल्या ओढ्यात एकटीने न उतरणे शहाणपणाचे होते, यावरही मी ठाम आहे. पण मग दुसऱ्या दिवशी का गेले नाही? पाणी उतरल्यावर का गेले नाही? दिवसाच्या हिशेबाने मिळणारे पैसे, पायांना पडलेल्या चिखल्या, दुचाकीचे पेट्रोल, अशी कारणे मी अनेकदा मोजून पाहिली आहेत. ती सगळी खरी आहेत, आणि कमी पडतात.

म्हणून तुम्ही ‘काम काय केलं?’ असे विचारता, तेव्हा मला आधी तो धुरा आठवतो आणि मी चिडते. माझी बाकीची शून्ये खरी आहेत. ती मी उभी राहून, भिजून मिळवली आहेत. पण हे तुम्हाला दाखवायला माझ्यापाशी माझ्या शब्दाखेरीज काही नाही.

पुढच्या वर्षी तोच चौकोन मी मागून घेतला. तिन्ही वेळा ओढा ओलांडला, एकदा तर कमरेएवढ्या पाण्यातून. गवत आदल्या वर्षीइतकेच उंच होते. तिन्ही वेळा शून्य लिहिले. तो तिथून निघून गेला होता, की मी पाहत असताना उडाला नाही, ते मला अजून सांगता येत नाही.