तुम्ही विचारलंत म्हणून: आजार छातीचा, मग रक्त कशासाठी?

"करोना हा श्वासाचा आजार, मग दाखल झालेल्या माणसाचे रक्त दर एक-दोन दिवसांनी कशासाठी काढत होते?" रक्ततपासणीच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न मला आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या हातात पुष्कळदा घरातल्या कुणाचा तरी जुना रिपोर्ट असतो.

विषाणू श्वासमार्गातून शिरतो हे खरे. परंतु आजार चिघळतो तो बऱ्याच अंशी शरीराचा प्रतिकार हाताबाहेर गेल्यामुळे, आणि त्या दाहाच्या खुणा रक्तात उमटतात. सर्वांत आधी नजरेत भरत असे ती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची घट. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण 1000 ते 4000 असतात. गंभीर रुग्णांत त्या हजाराच्या बऱ्याच खाली जात आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मात्र वाढत. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की उरलेल्या लिम्फोसाइटपैकी काही नेहमीपेक्षा मोठ्या, गडद निळ्या काठाच्या आणि केंद्रक एका बाजूला सरकलेल्या दिसत. विषाणूशी झुंजणाऱ्या पेशींचे हे रूप इतर विषाणूजन्य आजारांतही दिसते, म्हणून केवळ त्यावरून करोनाचे निदान करता येत नसे. प्लेटलेट बहुधा थोड्याच उतरत. डेंग्यूसारखी मोठी घसरण क्वचितच दिसे.

मला अधिक धास्ती वाटे ती गोठण्याच्या प्रक्रियेची. दाहामुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, तेथे रक्त गोठू लागते आणि फुफ्फुसांतल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या अडकतात. अशी गुठळी विरघळताना जे तुकडे सुटतात, त्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर. तो झपाट्याने वाढणे ही धोक्याची खूण असे आणि दाखल रुग्णांना हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध देण्यामागे हीच गुठळ्यांची भीती होती. मात्र डी-डायमर वयानुसार, गरोदरपणात आणि शस्त्रक्रियेनंतरही वाढतो. शिवाय तो दोन एककांत मोजला जातो आणि एकातला आकडा दुसऱ्यातल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट येतो. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवून, एकक न पाहताच, आजार दुपटीने वाढला असे समजून रडणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्यांना घरी नुसता ताप-खोकला होता, त्यांनी स्वतःहून ही तपासणी करून घ्यायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीआरपी आणि फेरिटिन ही रक्तातली प्रथिने दाहाचा जोर सांगत. पण तेही केवळ करोनाचे नव्हेत.

दाह आवरणाऱ्या स्टेरॉइडचे वेगळे सांगायला हवे. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीतून असे दिसले की, प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे मृत्यू कमी होतात, आणि ते सर्रास दिले जाऊ लागले. या औषधाने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हणजे औषध लागू पडत असतानाही रिपोर्ट बिघडल्यासारखा दिसू शकतो. म्हणून औषध केव्हा सुरू झाले हे विचारल्यावाचून मी त्या आकड्यांचा अर्थ लावत नसे.

एकट्या रिपोर्टावरून नेमके कळत नसे. रक्त पुन्हा पुन्हा काढावे लागे ते याचसाठी. सहीला आलेल्या रिपोर्टाशेजारी मी त्याच रुग्णाचा आधीचा रिपोर्ट ठेवत असे. लिम्फोसाइट 400 वरून 600, मग 900 असे चढू लागले आणि सीआरपी उतरत गेला, की वॉर्डातल्या डॉक्टरांना मी आपण होऊन फोन करत असे.