वाटाणा नव्हे, व्हेच
सकाळी वडोदऱ्यात गच्चीवर चहा घेत असताना ओरेगॉनच्या किनाऱ्यावरून, जिथे तेव्हा संध्याकाळ होती, भाचीने एका वेलीची छायाचित्रे पाठवून विचारले, "मामा, हा रानवाटाणाच ना?" फुले पाहून मी हो म्हणणारच होतो; पण समुद्रकाठच्या वाटाण्याची, म्हणजे लॅथायरस जॅपोनिकसची, उपपर्णे (पानाच्या देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी जोडी) जवळजवळ पर्णिकांएवढी (एकाच पानाच्या छोट्या भागांएवढी) मोठी असतात आणि इथे ती अगदी लहान होती. शिवाय एका पानावर मोजून चोवीस पर्णिका आणि टोकाला फाटे फुटलेला तणावा. तिला एक फूल अलगद उघडायला सांगितले: आपली लाखेची डाळही ज्यात मोडते त्या लॅथायरस गटात कुक्षीवृंतावरचे (फुलातल्या स्त्रीकेसराच्या दांड्यावरचे) केस एकाच बाजूला, दात घासायच्या ब्रशसारखे असतात, तर व्हिशियात, म्हणजे व्हेच वेलींच्या गटात, ते टोकाशी झुपक्याने येतात. भिंगाखाली झुपकाच निघाला. मळकट जांभळी, एकाच बाजूला झुकलेली फुले आणि जुन्या, काळ्या पडलेल्या शेंगा पाहिल्यावर शंका उरली नाही: अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनारपट्टीवर वाढणारी व्हिशिया जायगॅंटिया. चहा मात्र पार गार झाला होता. भाचीला आता बी हवे आहे. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात ते लावण्याचा माझा मुळीच विचार नाही.