विमानतळावर चिकटायचं, पण कोणाकडे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एरवी हे उत्तर मी तोंडीच देत आलोय, तिठ्यावर, लग्नाच्या पंगतीत, बाजारात मासे घेताना. प्रश्न ठरलेला असतो: "काकानू, आमच्या झिलाक विमानतळार खंय तरी चिकटवा मरे." म्हणजे आमच्या मुलाला तिथे कुठेतरी नोकरीला लावा. मी मुंबईला सहारच्या विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, नोकरी केली आणि निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला परतलो. एवढ्या भांडवलावर मी कोणालाही चिकटवू शकतो असं लोकांना वाटतं. ते काही माझ्या हातात नाही. पण कुठे काय काम असतं आणि कोणाला काय जमेल, एवढं सांगू शकतो.

आधी एक घोळ निस्तरू. विमानतळ ही एक कंपनी आहे आणि ती माणसं भरते, असं धरून सगळे बोलतात. प्रत्यक्षात तिथला कारभार आपल्या देवस्थानच्या मानकऱ्यांसारखा असतो. देऊळ एक, पण मान ज्याचा त्याचा, आणि दुसऱ्याच्या मानात कोणी हात घालत नाही. मुंबईची इमारत आणि धावपट्टी खासगी कंपनी सांभाळते. विमानांना आकाशातून उतरवणारे कंट्रोलर मात्र भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे एएआयचे. दारावरचे बंदूकधारी जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे. 1999 च्या डिसेंबरात कंदाहारचं अपहरण झालं, त्यानंतर 2000 सालापासून विमानतळांची सुरक्षा त्यांच्याकडे येत गेली. पासपोर्टवर शिक्का मारणारा गृहखात्याचा, बॅग उघडायला लावणारा कस्टमचा, हवा सांगणारा हवामान खात्याचा. काउंटरवर हसून बोर्डिंग पास देणारी मुलगी विमान कंपनीची असेल किंवा तिने जमिनीवरच्या कामांसाठी नेमलेल्या ग्राउंड हँडलिंगवाल्याची. विमानात इंधन भरणारा तेल कंपनीच्या बाजूचा. म्हणून "विमानतळावर" चिकटणं असं काही नसतं. यातल्या एकाकडे चिकटायचं असतं, आणि प्रत्येकाची भरती वेगळी, परीक्षा वेगळी, पगारही वेगळा.

माझ्या कामापासून सुरू करतो, कारण सर्वात जास्त पोरं तिथेच येतात. रॅम्पवर विमान थांबलं की चाकांना ठोकळे लागतात, जमिनीवरून वीज जोडली जाते, सामानाच्या कप्प्याला बेल्ट लोडर, म्हणजे सरकत्या पट्ट्याची गाडी, लागते. लहान पल्ल्याचं विमान अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा निघायचं असतं. तेवढ्यात बॅगा उतरतात, केबिन झाडली जाते, शौचालयाची टाकी रिकामी होते, जेवण चढतं, इंधन चढतं, नव्या बॅगा चढतात. बॅगा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला लोडर म्हणतात. त्याचं काम कष्टाचं, यात शंका नाही. एअरबस ए320 सारख्या विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही, गुडघ्यांवर बसून बॅगा लावाव्या लागतात. एक बॅग 32 किलोपर्यंत असू शकते. मे महिन्यात त्या पोटात बसलात की कळतं. पण लोडर म्हणजे नुसती हमाली नव्हे. कुठल्या कप्प्यात किती वजन हे लोड कंट्रोलचा माणूस ठरवतो, त्याचा लोडशीट, म्हणजे वजनाचा तक्ता, कॅप्टनच्या हातात जातो आणि कॅप्टन त्या आकड्यांवर विसंबून विमान उचलतो. पुढचा माल मागे टाकला तर विमानाचा तोल बदलतो. चांगला लोडर पुढे याच लोड कंट्रोलकडे सरकतो. त्यासाठी इंग्रजी वाचता आलं पाहिजे आणि बेरीज चुकता कामा नये.

मला स्वतःला सर्वात आवडणारं काम पुशबॅकचं. विमानाला स्वतःहून मागे जाता येत नाही (म्हणजे येतं, पण कोणी तसं करत नाही), म्हणून ट्रॅक्टर त्याला ढकलतो. हेडसेट लावलेला माणूस खाली चालत कॅप्टनशी बोलत असतो. पुढचं चाक ट्रॅक्टरने फिरवता यावं म्हणून एक पिन लावतात, तिला लाल फीत असते. शेवटी ती काढून, हात वर करून कॅप्टनला दाखवायची, त्याने बघितल्याची खूण केली की मगच बाजूला व्हायचं. दीडशे-पावणेदोनशे माणसं आत बसलेली, आणि त्यांना जायला मोकळीक देणारा खाली एकटा तो. पगार विचाराल तर एवढ्या जबाबदारीच्या मानाने थोडाच.

पगाराचं उघड बोललेलं बरं. जुलै 2024 मध्ये कलिन्याला अशाच लोडर वगैरे कामांसाठी थेट मुलाखती होत्या. सुमारे 2,200 जागा होत्या, आणि बातम्यांप्रमाणे 25 हजारांच्या घरात पोरं जमली. गर्दी आवरेना तेव्हा अर्ज घेऊन सगळ्यांना परत पाठवलं. त्या कामांचा पगार 22 ते 25 हजारांच्या आसपास, आणि तोही ठरावीक वर्षांच्या करारावर. नालासोपाऱ्याची खोली, रात्रीची पाळी, खानावळ काढली की घरी पाठवायला काय उरतं ते ज्याचं त्याने मोजावं. नको जाऊ असं मी कोणाला म्हणत नाही. पण तीन वर्षं तिथे काढायची असतील तर त्या तीन वर्षांत काहीतरी कागद हातात घ्यावा.

कुठला कागद? जड वाहनाचं लायसन्स. आपल्याकडे डंपर चालवणारी पोरं कमी नाहीत, चिरेखाणींची कृपा. हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं झालं आणि वय 20 पूर्ण असलं की जड वाहनाचं काढता येतं. विमानतळाच्या आत गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो, पण तो पुढे मिळतो, त्याचा पाया हाच. ट्रॅक्टर, बेल्ट लोडर, बस चालवणाऱ्याला लोडरपेक्षा बरा पगार मिळतो, आणि पाठही शाबूत राहते. अग्निशमन दलातही याच लायसन्सला भाव. विमानतळाच्या बंबाने धावपट्टीच्या टोकाशी तीन मिनिटांच्या आत पोचलंच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि दोन मिनिटांत पोचायचा प्रयत्न असतो. एएआयच्या अग्निशमन भरतीत बारावी झालेल्यांना आणि ठरावीक शाखांच्या डिप्लोमाधारकांना वाव असतो.

आयटीआय केलेल्यांनी तर मागे राहायचं कारणच नाही. बॅगा वाहणारे मैलभर पट्टे, सरकते जिने, वातानुकूलन, धावपट्टीचे दिवे, हे सगळं रोज बिघडतं आणि रोज दुरुस्त होतं. धावपट्टीचे दिवे सांभाळणारे इलेक्ट्रिशियन विमानं कमी असतात तेव्हा, बहुतेकदा मध्यरात्री, कामाला लागतात. विमानाला हात लावायचा असेल तर मात्र एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, रस्ता. बारावी भौतिक-रसायन-गणित, मग डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेतलं शिक्षण, मग लायसन्सच्या परीक्षा. लांबचा आणि खर्चाचा रस्ता आहे, पण शेवटी विमान उडायला योग्य आहे अशी सही याचीच लागते.

आता माझी तक्रार. दरवर्षी बोर्डाच्या निकालात कोकण विभाग पहिला येतो, आपण पेपरातली कात्रणं फिरवतो, आणि तीच हुशार पोरगी पुढे कुठल्याशा संस्थेत लाखभर भरून "एअरपोर्ट मॅनेजमेंट"चा सहा महिन्यांचा डिप्लोमा करते. काउंटरवरच्या नोकरीला तो डिप्लोमा लागत नाही. बारावी किंवा पदवी, नीट इंग्रजी-हिंदी आणि चिडलेल्या माणसापुढे न चिडण्याची ताकद, एवढं लागतं. शेजारच्या गावातल्या एका घराने गाय विकून फी भरली आणि पोरगी शेवटी मॉलमध्ये लागली, म्हणून बोलतोय. तीच पोरगी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी झाली असती तर एटीसीच्या, म्हणजे वर सांगितलेल्या कंट्रोलरच्या, परीक्षेला बसू शकली असती. एएआयची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, वयोमर्यादा 27 (आरक्षणाप्रमाणे सवलत), मूळ वेतनच 40 हजारांपासून. प्रशिक्षण प्रयागराजला किंवा हैदराबादला, आणि आपल्या गोंदियालाही केंद्र आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तिथला कंट्रोलर दिवसभर एका विमानाच्या शेपटामागून दुसरं उतरवत असतो. सिंधुदुर्गातली किती मुलं त्या खोलीत आहेत, हे शाळांनी एकदा विचारावं.

एक काम असं आहे, जे ऐकून लोक हसतात: पक्षी हाकलणं. घार किंवा टिटवी इंजिनात गेली तर लाखोंचं नुकसान, प्रसंगी जिवावरचं. पाऊस सुरू झाला की गवतात किडे येतात, किड्यांमागे पक्षी येतात. टिटवी उघड्या माळावर खड्यांमध्ये अंडी घालते, हे आपल्या सड्यावर (खडकाळ पठारावर) गुरं राखलेल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. पक्षी जमू नयेत म्हणूनच विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या परिघात जनावरं कापायला आणि उघड्यावर घाण टाकायला नियमाने बंदी आहे. आपलं सिंधुदुर्गाचं चिपी विमानतळ सड्यावरच आहे. आजूबाजूच्या गावांनी मासळीची घाण कुठे टाकायची याचाही त्यामुळे विचार करायला हवा.

चिपीचं विचारता म्हणून सांगतो. 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालं, धावपट्टी 2,500 मीटरची, पण विमानं मोजकी आणि छोटी. माणसं विमानांच्या हिशोबाने लागतात, इमारतीच्या नाही. छोट्या ठिकाणी तोच माणूस काउंटरवर बसतो आणि मग धावत गेटवर जातो. शिकायला उत्तम, जागा थोड्या. गोव्यातलं मोपा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झालं, बांद्याच्या पोराला ते मुंबईपेक्षा केव्हाही जवळ. तिथे विमानंही जास्त, रात्रीची पाळीही खरी. आणि नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून चालू झालंय. नवं ठिकाण जसजसं विमानं वाढवतं तसतशी भरती करतं, त्यामुळे पुढची काही वर्षं मी पोरांना तिकडे नजर ठेवायला सांगेन. कोकण रेल्वेने पनवेलला उतरलं की जवळच.

ज्याकडे कोणी बघत नाही ते म्हणजे कार्गो, विमानाने जाणारा माल. आपला हापूस विमानाने जातो. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया लागते, युरोपसाठी गरम पाण्याची. 2014 मध्ये फळमाशीमुळे युरोपने आंब्यावर बंदी घातली, ती पुढच्या वर्षी उठली. त्यानंतर तपासणी आणि कागदपत्रांचं महत्त्व आणखी वाढलं. एका पेटीमागे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र बघणारा, कस्टम ब्रोकरकडे कागद फिरवणारा, वजन करणारा, शीतगृहात ठेवणारा अशी माणसांची रांग असते. बीकॉम झालेल्या पोराने ब्रोकरकडे उमेदवारी करून पुढे जी कार्डाची (ब्रोकरच्या माणसाला कस्टमकडे काम करू देणाऱ्या ओळखपत्राची) परीक्षा दिली, तर त्याला स्वतःच्या गावच्या बागायतदारांचं गिऱ्हाईक आयतं आहे.

सुट्टीचं आधीच सांगून ठेवा घरी. चतुर्थीला आणि शिमग्याला जेव्हा सगळी मुंबई कोकणात उतरते, तेव्हा विमानतळावर सुट्ट्या सर्वात कमी मिळतात. पाळ्या बदलून देणारा एखादा मल्याळी किंवा पंजाबी मित्र जोडावा आणि ओणमला, लोहडीला त्याची पाळी आपण करावी. मी वर्षानुवर्षं तसंच केलं.

राहिला पास. आत काम करणाऱ्या प्रत्येकाला प्रवेशपत्र लागतं, त्याआधी पोलीस पडताळणी होते. बांधावरच्या भांडणात पोराचं नाव तक्रारीत घालू नका, घातलं असेल तर ते मिटवून घ्या, कारण पास तिथेच अडकतो. आणि हा पास माणसाला स्वतःहून काढता येत नाही, नेमणाऱ्या कंपनीला त्याच्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यामुळे कोणी "आत ओळख आहे, पन्नास हजार द्या" म्हणाला, की त्याला एवढंच विचारा: नोकरी कुठल्या कंपनीत, आणि पासचा अर्ज कोणाच्या लेटरहेडवर जाणार? परीक्षेचं किंवा अर्जाचं जाहीर शुल्क सोडलं, तर यातला कुठलाच मानकरी भरतीसाठी पैसे मागत नाही.