गॅमा पट्ट्यातली रेघ

चाळिशीतल्या एका रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) इलेक्ट्रोफोरेसिससाठी, म्हणजे विजेच्या साहाय्याने जेलवर त्यातल्या प्रथिनांचे पट्टे वेगळे करण्यासाठी, माझ्याकडे आले, कारण एकूण प्रथिने वाढलेली होती आणि अल्ब्युमिन मात्र बेताचे होते. रुग्ण एचआयव्हीची औषधे अनेक वर्षे नियमित घेत आहे आणि त्याचा व्हायरल लोड चाचणीत सापडतही नाही, हे मला फोन करून विचारावे लागले. गोपनीयतेबद्दल माझे दुमत नाही. पण अर्थ लावणाऱ्या डॉक्टरलाच अंधारात ठेवणे म्हणजे गोपनीयता नव्हे.

एचआयव्हीत प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी सतत चेतवलेल्या राहतात, त्यामुळे नाना प्रकारची प्रतिपिंडे एकदम वाढतात आणि जेलवरचा प्रतिपिंडांचा गॅमा पट्टा शाई फुटल्यासारखा रुंद दिसतो. उपचारांनी तो ओसरतो, पण नेहमीच पूर्णपणे नाही. या धूसर पट्ट्याच्या मधोमध एक बारीक, ठसठशीत रेघ होती, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेले एकाच प्रकारचे प्रतिपिंड असण्याची शक्यता. सीरममध्ये फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन उरले तर अशीच खोटी रेघ उमटते, परंतु ती बीटा आणि गॅमाच्या मध्ये. प्रतिपिंडाचा प्रकार ओळखणाऱ्या इम्युनोफिक्सेशन चाचणीत आयजीजी (प्रतिपिंडांचा एक वर्ग) आणि कॅपा (प्रतिपिंडातल्या हलक्या साखळीच्या दोन प्रकारांपैकी एक, दुसरा लॅम्डा) या दोन्ही मार्गिकांत नेमक्या त्याच पातळीवर रेघ आली. लॅम्डात नुसता धुरळा होता. म्हणजे रेघ खरी, एकाच प्रतिपिंडाची.

खरी कसोटी मोजमापाची. आलेखावर रेघेच्या जागी दिसणाऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंनी तळापर्यंत उभ्या रेघा टाकल्या तर खालचा सगळा धूसर भागही हिशेबात येतो आणि उत्तर ०.९ ग्रॅम प्रति डेसिलिटर येते. स्पर्शरेषेने फक्त शिखर कापले तर ०.४. रक्तात सुट्या फिरणाऱ्या, म्हणजे मुक्त, कॅपा आणि लॅम्डा साखळ्या दोन्ही वाढलेल्या होत्या, पण त्यांचे गुणोत्तर १.४, म्हणजे ०.२६ ते १.६५ या सामान्य मर्यादेत होते. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन ठीक होते.

निवासी डॉक्टरांना एवढेच हवे होते : “मॅडम, कॅन्सर आहे की नाही?” हे मायलोमाचे, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचे, चित्र नाही, असे मी सांगितले. अशा रेघेचे पुढे मायलोमात किंवा तत्सम विकारात रूपांतर होण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे १ टक्का मानतात, परंतु तो आकडा मुख्यतः वयस्कर, एचआयव्ही नसलेल्या लोकांच्या पाहणीतून आलेला आहे. चाळिशीतल्या या माणसाला तो कितपत लागू करायचा? एचआयव्हीतल्या काही रेघा खुद्द विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या असतात आणि औषधांनी विरूनही जातात. इथे विषाणू दबलेला असूनही रेघ आहे, आणि ती जुनी की नवी हे ठरवायला आधीचे जेलच नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी सुचवली आणि स्पर्शरेषेने मोजल्याचे अहवालात नोंदवले, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तळापर्यंत मोजेल आणि नसलेली वाढ दिसेल. टंकलेखनात ते वाक्य अनावश्यक म्हणून गाळले गेले होते. सही करण्यापूर्वी मी ते परत घालून घेतले.